पडवीवरचं काचेचं कौल

३ एप्रिल, गुरुवार

टण्. टण्. टण्. भद्.

सकाळी अंथरुणातच ऐकलं. क्षणभर वाटलं, मी दहा वर्षांचा आहे आणि वडूजजवळच्या आमच्या शाळेच्या आवारात लिंबाखाली बसलोय. वर्गाचं छप्पर उतरवलेलं. कौलांच्या चळती उन्हात. एक बाई बोटाच्या सांध्याने एकेक कौल वाजवून बघतेय आणि आम्ही पोरं त्या ठेक्यावर कविता म्हणतोय. टण् म्हणजे कौल पक्कं. भद् म्हणजे आत चीर गेलेली, डोळ्याला न दिसणारी. भद् आला की आमची ओळ अडखळायची आणि मास्तर हसायचे.

उठून बघितलं तर अंगणात सोपानची बायको कलाबाई. आमचीच शाकारणी सुरू. तो वर, ती खाली. कौलं उतरवायची, झाडायची, वाजवायची, फुटकी बाजूला काढायची, चांगली परत चढवायची. एक वर्षाआड हे जोडपं वडूजकडून सांगलीत येतं, माझी बायको इंदू होती तेव्हापासून. घर नदीकाठचं. घाटावरून येणारा पश्चिमेचा वारा थेट छपरात शिरतो, कौल जरा सैल सापडलं की उचलतो. पुराच्या पाण्याने भिंतींवर रेघा ओढल्या, पण छप्पर कधी गळलं नाही. ते या दोघांमुळे.

कलाबाईला म्हटलं, "कान तयार आहे हो तुमचा."

"डोळ्याला फसिवता येतंय गुरजी. कानाला न्हाई."

हे वाक्य वहीत लिहून ठेवण्यासारखं. म्हणून लिहिलं.

४ एप्रिल, शुक्रवार

सोपानकडे आज विषय काढला. काचेचं कौल.

आमच्या त्या शाळेत एक होतं. त्यातून येणारा कवडसा दिवसभर वर्गात फिरायचा. सकाळी दारापाशी, दुपारी नकाशावर, आणि दु. ४ वाजता मास्तरांच्या टेबलावर. कवडसा टेबलावर आला की कवितेचा तास. मास्तरांकडे घड्याळ नव्हतंच बहुतेक. पुढे मी स्वतः छत्तीस वर्षं शिकवलं, पण माझ्या टेबलावर कधी आला नाही.

सोपानला म्हटलं, माळ्यावर एक जुनं काचेचं कौल पडून आहे, ते पडवीवर बसव. माझं टेबल पडवीत असतं. तिथे कवडसा हवा.

सोपानने वरूनच मान हलवली. "हितं नगं गुरजी. पडवीला उतार न्हाई. वारं हिकडनंच येतंय, पानी उलटं वर चढवतंय. आन् तुमची ती काच जुन्या साच्याची, ह्या कौलात घट बसायची न्हाई. सैपाकघरावर एक हाय की, त्यात भागवा."

"बघू."

"बघू न्हाई. नगं म्हंजे नगं." आणि हसला. पुढचा एक दात पडलाय त्याचा. साठी ओलांडली असेल.

आमची शाळा कुठली ते सांगितल्यावर म्हणाला, ती त्याला माहीत आहे, तिच्यावर आता पत्रा आहे. "पाऊस लागला की मास्तर काय बोलतंय, पैल्या बाकावर बी ऐकू येत न्हाई."

वाईट वाटलं. पत्र्याखाली कविता कशी म्हणणार?

५ एप्रिल, शनिवार

काम संपलं. जाताना कलाबाईने लिंबाच्या लोणच्याची बरणी दिली. सोपान म्हणाला, "दोन वर्सं बघायला नगं." खुशीत होता. नीलाच्या शाळेचं छप्पर यंदा त्याला मिळणार. नीला, आमची लेक, माधवनगरला राहते, तिथल्याच एका शाळेत शिकवते. इमारतीची डागडुजी यंदा तिच्याकडे. शाळा जुनी, कौलारू, सहा वर्ग आणि सभागृह. "येवढं मोठं कौलारू काम आता कुटं ऱ्हायलंय गुरजी? जो तो पत्रा मारतोय. ही शाळा झाली की पाऊसकाळ निवांत."

१५ एप्रिल, मंगळवार

केलं एकदाचं.

नीलाला वचन दिलंय की शिडीवर चढणार नाही. मागच्या वर्षी पडलो तेव्हा इंदूच्या फोटोसमोर हात ठेवायला लावून वचन घेतलं तिने. वचन मोडलं नाही. शिडीला हात लावला नाही. पडवीत टेबल, टेबलावर स्टूल, स्टुलावर मी. छप्पर तिथे ठेंगणं आहे, हात पुरतो. आतूनच मातीचं एक कौल सरकवून खाली घेतलं आणि काचेचं वर घातलं. वय ७७! थोडी खटपट झाली. काच पुढे जाईना, वरच्या ओळीतल्या कौलाला अडत होती. जरा उचलून ढकलली तशी बसली. खालून बघता चांगली बसल्यासारखी दिसते.

काढलेलं मातीचं कौल खाटेखाली ठेवलं. नीलाच्या नजरेला नको.

१६ एप्रिल, बुधवार

दु. ४ वा. १० मि. कवडसा टेबलावर.

दहा मिनिटांचा फरक त्या मास्तरांनी मला माफ केला असता.

वही उघडून बसलो. धुळीचे कण त्या उजेडात तरंगत होते, त्यांच्याकडे बघत चौथीतल्या सगळ्या कविता चालीवर म्हटल्या. दोन ठिकाणी अडलो. इंदूचा तंबोरा आतल्या खोलीत कोपऱ्यात उभा असतो, तो उचलून पडवीत टेबलाशेजारी आणून ठेवला. साडेचारला कवडसा टेबलावरून उतरतो तो बरोबर त्याच्या भोपळ्यावर येतो. वरची कापडी गवसणी काढून बघितलं. लाखेचा रंग पेटल्यासारखा.

इतका आनंद किती दिवसांनी.

२४ एप्रिल, गुरुवार

नीला सोमवार-गुरुवारी भाजी घेऊन येते. आज तिने कवडसा पाहिला. "हे कधी केलं?" म्हणाली.

"शाकारणीत."

तोंडातून निघून गेलं. खोटं म्हणावं तर... शाकारणीच्याच महिन्यात केलं की.

"छान दिसतंय," म्हणाली. तंबोऱ्यावरून हात फिरवला.

६ मे, मंगळवार

संध्याकाळी वळीव. काय वाऱ्याचा आवाज, नदीकडून! गारासुद्धा. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभा राहिलो आणि पावसाच्या जेवढ्या म्हणून कविता पाठ आहेत तेवढ्या मोठ्याने म्हटल्या. तासभर. शेजारचे खिडकीतून बघत होते, बघू देत. मातीचा वास. घसा बसला.

७ मे, बुधवार

पडवीत रात्रभर पाणी साचलेलं. सकाळी बघितलं.

टेबल भिजलं, वही भिजली, त्याचं काही नाही. तंबोरा. पाण्याची धार नेमकी गवसणीवर पडत राहिली असणार, गवसणीने पाणी धरून ठेवलं. भोपळा फुगलाय, सांधा सुटलाय, एका बाजूला चीर. चाळीस वर्षांपूर्वी मिरजेत इंदूने स्वतः चार दिवस दुकानात बसून जुळवून घेतला होता.

नीलाला फोन केला. ती शाळेतून तशीच आली. खाली बसून पदराने भोपळा पुसत राहिली. मग वर बघितलं.

"शाकारणी आत्ताच झाली ना अण्णा? कुणी केली?"

"सोपानने."

एक शब्द. आणि खरा. शाकारणी सोपाननेच केली.

छत्तीस वर्षं वर्गात पोरांचं खोटं ओळखत आलो. पण असलं, खऱ्याच्या आत लपवलेलं, एकाही पोराने कधी केलं नव्हतं.

तिने तिथेच सोपानला फोन लावला, आवाज मोठा ठेवून. मी समोर उभा.

"सोपानमामा, काय केलंत हे? जेमतेम महिना झाला आणि पडवीत धार लागली. आईचा तंबोरा गेला."

पलीकडून, "वैनींचा?"

"हो. आईचा."

"येतो ताई. उद्याच येतो."

नीला रडली. मी पाणी दिलं. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला, मलाच धीर दिला.

मांजराचं नाव घेतलं असतं तरी चाललं असतं. बोके छपरावर भांडतात, कौलं सरकतात, घरोघरी होतं. मांजराचं काही गेलं नसतं. हे आता सुचतंय.

८ मे, गुरुवार

सोपान पहिल्या एसटीने आला. एकटाच. चहा घेतला नाही, शिडी लावली आणि वर गेला.

नीला अंगणात. मी पडवीत, बरोबर त्या कौलाखाली. काचेतून त्याचं तोंड दिसलं. तो काचेकडे बघत होता, मग काचेतून माझ्याकडे. किती वेळ ते सांगता येणार नाही. मी मान खाली घातली.

वरच्या कौलाचा काठ काचेवर यायला हवा, म्हणजे पाणी कौलावरून काचेवर आणि काचेवरून खाली. मी आतून ढकलताना काचेचा माथा त्या कौलाच्या वर गेला होता. म्हणजे वरून येणारं सगळं पाणी काचेखाली, सरळ घरात. आम्हां खालून बघणाऱ्यांना हे दिसत नाही. वर चढणाऱ्याला लांबूनच दिसतं.

काच काढून त्याने काखेत धरली, अंगणातल्या उरलेल्या चळतीतलं एक कौल बसवलं आणि खाली उतरला.

"काय होतं?" नीला.

"कौल सरकलं व्हतं ताई."

"सरकलं कसं? नीट बसवलं नव्हतं?"

त्याने माझ्याकडे बघितलं. एकदाच. मी बोलायला तोंड उघडलं असतं तर... घसा बसलेला होता, हे कारण नाही.

"कौलं समदी मीच बसिवली की," तो म्हणाला. "आता न्हाई गळायचं."

नीला म्हणाली, "आता काय उपयोग."

जाताना त्याने काचेचं कौल माझ्या टेबलावर ठेवलं. सदऱ्याच्या टोकाने पुसून. "वैनी गात व्हत्या तवा आमी वर काम थांबवायचो गुरजी," एवढंच बोलला आणि गेला.

त्याने मला वाचवलं. लेकीसमोर. मी मागितलं नव्हतं, पण नाकारलंही नाही.

९ मे, शुक्रवार

खाटेखालचं मातीचं कौल काढलं. बोटाच्या सांध्याने वाजवलं. टण्. पक्कं होतं.

परत खाटेखाली ठेवलं.

१२ मे, सोमवार

नीला भाजी घेऊन आली. तोंडली. शाळेचं छप्पर सोपानला द्यायचं नाही असं कमिटीत तिनेच सांगितलं. "माझ्याच वडिलांच्या घरी असं केलं तर शाळेत काय करेल? खाली पोरं बसतात अण्णा." कमिटी एरवीही पत्र्याच्याच बाजूची होती, तिच्या भरवशावर कौलं टिकून होती. आता सगळी कौलं काढून पत्रा. मिरजेचा एक ठेकेदार. २७ तारखेला काम सुरू.

घाटाच्या बोळातल्या दोघांची छपरं सोपानकडेच असतात, त्यांनीही त्याला नको म्हणून कळवलं. त्यांना कुणी सांगितलं विचारलं, तर म्हणाली, "मीच. फसू नयेत लोक."

तोंडली चांगली होती. दोन पोळ्या खाल्ल्या. लाज आणि भूक एका वेळी असू शकतात, हे या वयात कळलं.

१५ मे, गुरुवार

आज मीच माधवनगरला गेलो. सांगायचंच, असं ठरवून. बसमध्ये वाक्य तयार केलं. "नीला, ते कौल मी हलवलं." सहा शब्दसुद्धा नाहीत.

ती पापड वाळत घालत होती. मी बसलो. म्हटलं, "नीला, ते कौल..."

"आता काढू नका हो तो विषय." मग हात पुसत जवळ येऊन बसली. "एक मात्र बरं आहे अण्णा. तुम्ही वर चढला नाहीत. गळतंय म्हणून चढला असतात आणि पडला असतात तर? मागच्या वर्षीपासून फोन वाजला की तुम्हीच पडलात असं वाटतं. तुम्ही शब्द पाळलात."

शब्द पाळलात.

त्यानंतर मी काय केलं? तिला तिसरीतली एक कविता म्हणून दाखवली. तिने डोळे मिटून ऐकली. लहानपणी ऐकायची तशीच. मग चहा झाला, मग बसची वेळ झाली.

परत येताना खिडकीशी बसून स्वतःला बजावत होतो, मी भित्रा नाही, तिला दुखवायचं नाही म्हणून. शेजारच्या माणसाने विचारलं, "काय म्हनला आजोबा?" म्हणजे मोठ्याने बोलत होतो.

१८ मे, रविवार

तंबोरा रिक्षात घालून मिरजेला नेला. कारागीर म्हातारा, माझ्याएवढाच. भोपळ्यावर टिचकी मारली, कान लावला. या माणसांचं सगळं टिचकीवरच चालतं.

"जगेल," म्हणाला. "पण आता नाही. पावसाळा जाऊ दे, पुरता वाळू दे. घाई केली तर सांधा परत सुटेल." मग, "पाणी किती वेळ पडत होतं?"

"तासभर. नंतर रात्रभर ठिबकत असेल."

"तुम्ही गावाला होता काय?"

"नाही. घरीच."

पावतीवर नाव कुणाचं घालू म्हणाला. इंदूचं सांगितलं.

२० मे, मंगळवार

सोपानला पत्र लिहिलं.

तोंडाने जमत नाही तर कागदावर. तीन पानं झाली. सकाळी सातला बसलो, साडेदहाला उठलो. शाळेच्या कवडशापासून सुरुवात केली, उजेडाची ओढ माणसाला कुठे घेऊन जाते, म्हातारपण म्हणजे कलती दुपार, इत्यादी. त्याच्या हातांबद्दल एक परिच्छेद. छपरावर काम थांबवून गाणं ऐकणारी माणसं आता कुठे, हेही. शेवटी क्षमा मागितली. लिहिताना डोळे भरले. दोनदा मोठ्याने वाचलं, एके ठिकाणी शब्द बदलला, लय साधली.

पोस्टात टाकून आलो. हलकं वाटतंय. त्याचा नातू आठवीत आहे, तो वाचून दाखवेल.

नीलाचं बघू. एकेक.

२२ मे, गुरुवार

नीला आली. पत्राबद्दल बोललो नाही. छपराबद्दलही नाही. ती म्हणाली, मंगळवारी सकाळी आठला माणसं कौलं उतरवणार. "उतरवणार कसली, वरून टाकणार. जपून काढायला वेळ कुणाला आहे? ट्रॅक्टर सांगितलाय, भराव म्हणून कुठेतरी नेऊन ओततील."

त्या कौलांतली निम्मी तरी टण् वाजतील.

२४ मे, शनिवार

हलकं वाटत नाही. पत्र पोचलं असेल. त्याला कळलं, म्हणजे जे त्याला आधीच माहीत होतं तेच कळलं. ज्यांना माहीत नाही त्यांना मी काय कळवलं? घाटाच्या बोळातून जाताना त्या दोघांपैकी एकजण भेटला. "सोपानला आम्ही पण नको म्हटलं गुरुजी, बरं झालं तुमच्यामुळे कळलं." मी "हं" म्हटलं.

हं.

२५ मे, रविवार

चार वाजता सवयीने टेबलाशी बसलो. कवडसा नाही. काचेचं कौल समोर पडलंय, त्याच्यावर बोटांचे ठसे. माझेच असतील, सोपानने तर पुसून ठेवलं होतं.

आठवायचा प्रयत्न केला, शाळेत त्या मास्तरांनी मला कधी शिक्षा केली होती का. एकदा. मी दुसऱ्याच्या वहीतली कविता उतरवून स्वतःची म्हणून दाखवली होती. त्यांनी मारलं नाही. कवडशात उभं केलं, टेबलाशेजारी. म्हणाले, "कवडसा सरकेल तसा तूही सरक." ऊन भिंतीवर चढेपर्यंत सरकत होतो, आणि सगळा वर्ग बघत होता.

इतकी वर्षं कवडसा तेवढा आठवत राहिलो. त्यात उभा होतो ते विसरलो. की विसरायचंच होतं?

उद्या सोमवार. नीला संध्याकाळी येईल. परवा सकाळी आठला कौलं.

उद्या.

२६ मे, सोमवार

दु. ४ ला कडी वाजली. नीला साडेपाचशिवाय येत नाही. मला वाटलं वीजवाला.

दारात कलाबाई. एकटी. हातात पिशवी, कपाळावर घाम, चपला दाराबाहेर काढलेल्या. इतक्या वर्षांत ती कधी उंबऱ्याच्या आत आली नव्हती. आज विचारलंसुद्धा नाही, सरळ पडवीत आली आणि टेबलाशेजारी खाली बसली.

म्हटलं, "सोपान?"

"त्येस्नी ठावं न्हाई मी आलीया ते. मिरजंला दवाखान्यात जाते म्हनून निगाली." पिशवीतून माझं पत्र काढलं. चार घड्या. "हे नातवानं वाचलं काल. समद्यांसमूर. लय गोड लिवलंय आवं. आमच्या ह्यांच्या डोळ्यात पानी आलं. म्हनले, बघ, गुरजींचं मन किती मोठं."

मी काहीतरी म्हणालो. माहीत नाही काय.

"मी नातवाला म्हनलं, आजून येकदा वाच. मंग म्हनलं, तिसऱ्यांदा वाच. पोरगं वैतागलं." तिने पत्र टेबलावर ठेवलं, काचेच्या कौलाला टेकवून. "त्यात ऊन हाय, शाळा हाय, आमच्या धन्याचं हात हायती. कौल कुणी हलीवलं, ते कुटं हाय गुरजी? तीन येळा आयकलं. मला घावलं न्हाई."

पत्र उघडून बघितलं. खरंच नाही. 'जे घडले ते मनाला लावून घेऊ नकोस' असं आहे. 'दैवाने' असंही आहे एके ठिकाणी.

"तुमाला राग येईल, पर बोलते. म्या आविष्यभर कौलं वाजिवली. तुमचं पत्र..." मग तिने टेबलावरच्या कागदावर बोटाचा सांधा आपटला. खाली लाकूड पावसाने फुगलेलं. भद्.

तिला हसू आलं आणि डोळेही भरले. पदर तोंडाला लावला.

मग म्हणाली, तिचा माणूस तीन आठवडे घरात बसून आहे. काम नाही म्हणून नाही, तशी सवय आहे. लोक विचारतात तेव्हा "माझंच चुकलं" म्हणतो. आता तर तिलाही तेच सांगायला लागलाय. "मी खाली हुते गुरजी. समदी कौलं माज्या हातनं वर गेली. त्यात काच नव्हती. मला म्हनतोय, तुला काय कळतंय. आसं कदी बोलला न्हाई मला. तुमाला जपायला माज्याशी खोटं बोलाया लागला."

मी म्हटलं, "मी सांगणार आहे. आज नीलाला..."

"व्हय का?" तिने पाय पोटाशी घेतले, भिंतीला टेकून नीट बसली. "मंग बरंच झालं. ताई कवा येत्यात?"

"साडेपाचला."

"बसते तवर. तुमाला याद करून द्यायला." आणि मग, अगदी पाहुण्यासारखी, "च्या मिळंल का वाईच? सकाळपास्नं काय घेतलं न्हाई."

चहा ठेवलाय. तो उकळेपर्यंत इथे ओट्याशी उभ्याने हे लिहितोय, अक्षर वेडंवाकडं येतंय. खाटेखालचं मातीचं कौल काढून आणलं, टेबलावर काचेशेजारी ठेवलं. कलाबाईने ते बघितलं, वाजवलं.

ठेकेदाराची माणसं उद्या आठला. नीलाने कमिटीला आज फोन केला तर थांबवता येईल कदाचित. कदाचित उशीर झाला असेल.

पाच वाजून वीस. दुसऱ्यांदा ठेवलेला चहा गाळून

फाटकापाशी स्कूटर थांबली. दहा मिनिटं आधीच. कलाबाई उठून उभी राहिली आहे. नीला बाहेरूनच विचारतेय, "अण्णा, चपला कुणाच्या?"